एका आवृत्तीपुरते वाचक

मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती वर्षानुवर्षं साधारण हजार प्रतींची निघत आली. अलीकडे ती पाचशेवर आलेलीही दिसते, आणि मागणीप्रमाणे छापून देणारे तर शंभर प्रतीही काढून देतात. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. सोशल मीडियावर लिहून वाचक कसे वाढवावेत, या प्रश्नाचं माप याच आकड्यात आहे. या विषयावरचा बहुतेक सल्ला अमेरिकेत तयार होतो, तो लाखांच्या हिशेबाने तयार होतो आणि ज्याला क्रीम किंवा व्यायामाचे कोर्स विकायचे आहेत त्याला डोळ्यांसमोर ठेवून तयार होतो. मराठीत ललित लिहिणाऱ्याला, शेतीवर लिहिणाऱ्याला किंवा मोडी कागद वाचून जुनी प्रकरणं उलगडणाऱ्याला लाख लोकांचं करायचं काय? त्याला हजार पुरतात. फक्त ते असे हवेत की पुस्तक आल्याचं कळल्यावर त्याच आठवड्यात पैसे पाठवतील.

केव्हिन केली या अमेरिकन लेखकाने २००८ मध्ये हजार सच्च्या चाहत्यांची कल्पना मांडली. एकेका चाहत्याने वर्षाला शंभर डॉलर खर्च केले तर कलावंताला लाख डॉलर मिळतात आणि त्याचं घर चालतं, असा त्याचा हिशेब होता. आपल्याकडे हा हिशेब गडगडतो. मराठी वाचकाने एका लेखकावर वर्षाला चारशे-पाचशे रुपये खर्च केले तरी फार झालं, आणि त्यातून कागद, छपाई, टपाल आणि विक्रेत्याचं कमिशन वजा केलं की लेखकाच्या हातात उरतं ते वीजबिलापुरतं. घर चालवायला हजार वाचक पुरणार नाहीत. पण पुस्तक जगवायला पुरतात, आणि या प्रकरणात मी तेवढ्याचाच विचार करणार आहे.

अँडी वीअर हे नाव ‘द मार्शियन’ चित्रपटामुळे अनेकांना माहीत असतं. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याची नोकरी सांभाळत हा माणूस स्वतःच्या संकेतस्थळावर कॉमिक्स आणि गोष्टी टाकायचा. २००९ पासून त्याने मंगळावर अडकलेल्या अंतराळवीराची कादंबरी एकेक प्रकरण करत तिथे फुकट द्यायला सुरुवात केली. अनेक वर्षांच्या लिखाणातून त्याच्याकडे सुमारे ३,००० ईमेल पत्ते जमले होते. नवं प्रकरण झालं की तो त्या सगळ्यांना कळवायचा. वाचकांत रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र जाणणारे लोक होते. ते चुका कळवायचे आणि तो दुरुस्त करायचा. कादंबरी संपल्यावर काहींनी सांगितलं की संकेतस्थळावर वाचायला त्रास होतो, किंडलवर दे. ॲमेझॉन फुकट ठेवू देत नव्हतं म्हणून त्याने कमीत कमी किंमत लावली, ९९ सेंट. तीन महिन्यांत ३५,००० प्रती खपल्या. फुकट उतरवून घेणाऱ्यांपेक्षा पैसे देणारे जास्त निघाले, कारण किंडलवर बटण दाबलं की पुस्तक हातात येत होतं. पुढे २०१४ मध्ये क्राउन या मोठ्या प्रकाशकाने ती छापली आणि २०१५ मध्ये रिडली स्कॉटचा चित्रपट आला.

या गोष्टीत व्हायरल झालेली पोस्ट कुठेच नाही. आहेत ते तीन हजार पत्ते, ठरावीक काळाने येणारं प्रकरण, आणि आपण सुचवलेली दुरुस्ती लेखकाने केली याचा आनंद झालेले वाचक. सोशल मीडियाकडून लेखकाने मागायचं असेल तर हेच मागावं: असे पत्ते जमवून दे. बाकी लाइक वगैरे घरच्यांना दाखवायला ठीक.

हे सोपं मात्र नाही, कारण लेखकाचं आणि सोशल मीडियाच्या कंपन्यांचं हित एका ठिकाणी वेगळं होतं. वाचकाने लिंकवर बोट ठेवून आपल्या लेखाकडे यावं असं लेखकाला वाटतं, तर त्याने बाहेर पडूच नये असं कंपनीला वाटतं. तिला जाहिरात दाखवायची असते. फेसबुकवर सप्टेंबर २००६ पासून न्यूज फीड आली आणि कुणाला काय दिसावं हे यंत्र ठरवू लागलं. लिहिणाऱ्याशी तुमचं येणं-जाणं किती, पोस्टवर कोणत्या प्रकारचा प्रतिसाद आला, पोस्ट किती ताजी, हे सुरुवातीचे निकष कंपनीनेच जाहीर सांगितले होते. त्यांत पुढे असंख्य गोष्टींची भर पडली. जानेवारी २०१८ मध्ये झुकरबर्ग यांनी जाहीर केलं की यापुढे संस्था आणि ब्रँड यांच्या पानांपेक्षा मित्र आणि नातलग यांच्या पोस्ट जास्त दाखवल्या जातील. त्याआधी कष्टाने पान उभं केलेल्यांचा आवाज बसला. मराठी लेखकांना याची झळ कमी लागली असावी, कारण आपल्याकडे बहुतेक लेखक स्वतःच्या साध्या खात्यावरूनच लिहितात, मित्रांची ५,००० ची मर्यादा भरली की दर महिन्याला यादी साफ करतात आणि त्यावरही एक पोस्ट लिहितात.

इन्स्टाग्रामवर पोस्टखालच्या मजकुरात लिंक टाकली तर ती दाबताच येत नाही. स्टोरीत लिंकचं स्टिकर लावण्याची सोय सगळ्यांना ऑक्टोबर २०२१ मध्ये मिळाली. एक्सवर लिंक असलेली पोस्ट मागे पडते, अशी तक्रार झाली तेव्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये खुद्द इलॉन मस्क यांनी सल्ला दिला की मुख्य पोस्टमध्ये वर्णन लिहा आणि लिंक खालच्या उत्तरात द्या. मराठी फेसबुककरांनी ‘लिंक पहिल्या कमेंटमध्ये’ ही रीत त्याच्या कितीतरी आधीपासून पाळलेली आहे.

म्हणून नुसती लिंक चिकटवून ‘नवीन लेख, जरूर वाचा’ असं लिहिण्यात अर्थ नसतो. लेखातला एक पूर्ण प्रसंग किंवा एक पूर्ण मुद्दा तिथेच द्यावा, तो स्वतंत्रपणे वाचनीय असावा, आणि उरलेलं कुठे आहे ते सांगावं. अर्धवट वाक्यावर तोडून ‘पुढे काय झालं? वाचा लिंकवर’ हा प्रकार वाचक एकदा सहन करतो. दुसऱ्यांदा तो तुमचं नाव बघून पुढे सरकतो.

काही लेखकांनी वेगळा मार्ग धरला: माध्यमाच्या चौकटीत पूर्ण मावेल असंच लिहिलं. रूपी कौर पंजाबात जन्मली, कॅनडात वाढली. ती आपल्या चार-सहा ओळींच्या कविता साध्या रेघांच्या चित्रासह इन्स्टाग्रामवर टाकत होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिने ‘मिल्क अँड हनी’ हा संग्रह स्वतःच काढला, पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या प्रकाशकाने तो घेतला आणि त्याच्या लाखो प्रती गेल्या. २०१५ मध्येच मासिक पाळीविषयीचा तिचा एक फोटो इन्स्टाग्रामने दोनदा काढून टाकला आणि त्या वादातून तिचं नाव कवितेशी संबंध नसलेल्यांपर्यंतही गेलं. टीकाकारांनी तिच्या कवितेला बरंच झोडपलं. मलाही त्यातलं पुष्कळ पातळ वाटतं. पण पडदा हेच पान आहे हे तिने ओळखलं, आणि चित्र, ओळींची लांबी, मोकळी जागा त्या पानासाठी ठरवली. हिंदीत रवीश कुमार फेसबुकवर दिल्लीतल्या प्रेमाच्या लघुकथा लिहीत होते. त्यांचं ‘इश्क़ में शहर होना’ हे पुस्तक २०१५ मध्ये राजकमल समूहाने काढलं, आणि ‘लप्रेक’ हे त्या प्रकाराचं नावही रुजलं.

सगळ्यांना हे जमणार नाही, जमवूही नये. ज्याचा विचार दोन हजार शब्दांत उलगडतो त्याने तो आठ ओळींत कोंबला की त्याचं सुभाषित होतं. मराठीत सुभाषितांचा तुटवडा नाही.

आपल्या लिपीमुळे येणाऱ्या अडचणींबद्दल अमेरिकेतली सल्ल्याची पुस्तकं अर्थातच बोलत नाहीत. लेखाचा वेबपत्ता देवनागरीत ठेवला तर तो कॉपी करून कुठेही चिकटवल्यावर टक्क्यांची चिन्हं, रोमन अक्षरं आणि आकडे यांची लांबच लांब माळ होते. संगणकाच्या साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पत्त्यात एकेक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जातो. काना आणि वेलांटीही स्वतंत्र मोजली जाते. ‘मराठी’ एवढा एक शब्द ४५ चिन्हांचा होतो. व्हॉट्सॲपवर अशी माळ दिसली की सुज्ञ काका ‘व्हायरस आहे, उघडू नका’ असं लिहून मोकळे होतात. पत्ता छोटा आणि रोमन लिपीत ठेवावा, शीर्षक खुशाल मराठीत. लिंक चिकटवल्यावर दिसणारी चौकट, म्हणजे चित्र, शीर्षक आणि दोन ओळी, तुमच्या पानाच्या आत लपवलेल्या सूचनांवरून तयार होते. त्या सूचना नीट भरल्या नसतील तर यंत्र हाताला लागेल ते उचलतं, आणि अंत्यसंस्कारांवरच्या गंभीर लेखाला कडेच्या जाहिरातीतला प्रेशर कुकर लागतो. लेख टाकण्याआधी लिंक स्वतःलाच पाठवून बघितली तर हे टळतं.

फेसबुकवर लांब पोस्टच्या सुरुवातीच्या काही ओळीच दिसतात आणि पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. मराठी गद्याला मात्र उंबरठ्यावर रेंगाळण्याची सवय आहे: ‘खूप दिवसांपासून या विषयावर लिहायचं मनात होतं, पण वेळ मिळत नव्हता.’ वाचकाला दिसलेल्या ओळी एवढ्याच. मी परिचितांच्या पोस्ट संपादून देताना पहिला परिच्छेद न वाचताच काढतो, आणि बहुतेक वेळा कुणाला तो गेल्याचं लक्षातही येत नाही.

आता व्हॉट्सॲप. मराठी मजकुराचा खरा प्रवास इथे होतो, आणि पाहुण्या तज्ज्ञांची शिकवणी इथेच संपते. इथे फीड नाही, काय दाखवावं हे ठरवणारं यंत्र नाही. मजकूर एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो तो केवळ त्याला पाठवावासा वाटला म्हणून. यापेक्षा चांगली शिफारस कोणती? पण या प्रवासात लेखकाचं नाव गळतं. कुणी शेवटची ओळ कापतो, कुणी खाली स्वतःचं नाव टाकतो, आणि कुणी प्रतिष्ठा वाढावी म्हणून मोठ्या लेखकाचं लावतो. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, व. पु. काळे २००१ मध्ये. व्हॉट्सॲप २००९ मध्ये आलं. तरी दोघेही रोज सकाळी सहा वाजता तिथे नवं काहीतरी लिहीत असतात, आणि पु. लं.नी अलीकडे स्मार्टफोनवरही चिंतन केलेलं आहे.

‘कृपया नावासह फॉरवर्ड करावे’ या विनवणीचा उपयोग होत नाही, कारण कापताना पहिली तीच जाते. नाव मजकुराच्या पोटात घालावं लागतं. लेखातलं एखादं पात्र लेखकाला नावाने हाक मारतं, एखाद्या प्रसंगात त्याचं गाव, त्याचं काम, त्याच्या सदराचं नाव येतं. ते उपटलं तर वाक्य कोसळतं. दुसरा उपाय, मजकुराचं चित्र करून नाव ओळींच्या मध्ये छापणं, कोपऱ्यात नव्हे. कोपरा कापता येतो. तिसरा उपाय मला सगळ्यांत आवडतो: स्वतःच्या आवाजात तीन-चार मिनिटांचं वाचन करून ते पाठवणं. आवाज दुसऱ्याच्या नावावर खपवणं कठीण जातं, आणि स्वयंपाक करताना ऐकणारा वाचकवर्ग, ज्याला डोळ्यांनी वाचायला फुरसत नाही, तोही मिळतो.

पसरण्याच्या बाबतीत कंपनीने काही दारं लावून घेतली आहेत. अफवांवरून जमावाने माणसं मारल्याच्या घटनांनंतर २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच चॅटमध्ये फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली, २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून पाच किंवा अधिक हातांतून आलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. लेखकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की एकच कॉपी दूरवर जाण्यापेक्षा अनेकांनी मूळ लिंक स्वतंत्रपणे पाठवणं फायद्याचं.

स्वतःची यादी करायची तर तिथे ब्रॉडकास्ट लिस्ट आहे. एका यादीत २५६ जण, आणि निरोप पोचतो तो फक्त ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच. लोक या अटीला कंटाळतात. मला ती देणगी वाटते. नंबर जतन करण्याइतपत आस्था असलेले चार याद्यांमध्ये मिळून हजार जण झाले तर आवृत्तीची सोय झाली. २०२३ मध्ये आलेल्या चॅनेलवर माणसं कितीही घेता येतात, पण त्यांचे नंबर तुम्हाला दिसत नाहीत आणि ते उलट लिहून काही सांगूही शकत नाहीत, फार तर अंगठा दाखवतात. घोषणेला चॅनेल चांगलं; वाचकाची ओळख होण्याला नाही.

पत्ते स्वतःजवळ असण्यावर मी एवढा जोर का देतो, ते २९ जून २०२० आठवून पाहिलं तर कळेल. त्या दिवशी सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून, गोठ्यातून आणि शेताच्या बांधावरून व्हिडिओ करणाऱ्या पोरांपोरींचे अनुयायी एका रात्रीत गेले. त्यांच्यापर्यंत पोचायचा दुसरा कुठलाच धागा बहुतेकांकडे नव्हता. त्याआधी ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं होतं, एप्रिल २०१९ मध्ये गूगल प्लस. यांपैकी एकाही वेळी लेखकाचा काही दोष नव्हता. ईमेल जुनाट दिसतं, मराठी वाचक ते नेमाने उघडत नाही हेही खरं. तरी नावांची, ईमेलची आणि नंबरांची, त्या माणसांच्या संमतीने केलेली एक साधी वही कुठल्याही कंपनीच्या मर्जीबाहेर राहते.

असं आधी वाचक जमवून मग पुस्तक काढणं मराठीला नवीन नाही. सत्तरच्या दशकात दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी ‘ग्रंथाली’ सुरू केली ती प्रकाशनसंस्था म्हणून मिरवायला नव्हे, वाचक चळवळ म्हणून. वाचकांनी आगाऊ पैसे द्यायचे आणि पुस्तकं कमी किमतीत घ्यायची. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये त्याच वाटेने आलं. ही पुस्तकं हिशेबी प्रकाशकाने घेतली असती की नाही कोण जाणे.

वाचक वाढवण्यात लेखकाचा वाटा किती, हाही प्रश्नच आहे. कोलीन हूवर या अमेरिकन लेखिकेची ‘इट एंड्स विथ अस’ २०१६ मध्ये आली, आणि विक्रीच्या याद्यांवर माथ्याला पोचली ती पाच वर्षांनी, टिकटॉकवर तरुण मुली ते पुस्तक वाचून रडतानाचे व्हिडिओ टाकू लागल्या तेव्हा. तिने त्या मुलींना सांगितलं नव्हतं. लेखकाने स्वतःच्या पुस्तकाबद्दल दहा वेळा लिहिण्यापेक्षा एका अनोळखी वाचकाने लिहिलेल्या चार ओळींना जास्त वजन असतं. लेखकाला करता येतं ते एवढंच: अशा वाचकाला शोधावं, त्याच्या मजकुराखाली आभाराचे हात जोडून न थांबता त्याने काढलेल्या मुद्द्यावर दोन वाक्यं बोलावीत, आणि त्याने चूक दाखवली असेल तर पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त करून त्याला कळवावं. ‘छान’, ‘वा सर’, ‘निःशब्द’ या प्रतिक्रियांना उत्तर दिलं नाही तरी चालतं. निःशब्द झालेल्या माणसाशी बोलणार तरी काय?

किती ठिकाणी लिहावं? एक मुख्य, एक जोडीचं. मुख्य ते, जिथे तुमचे वाचक आधीच वेळ घालवतात. चाळिशीच्या पुढच्या ललित वाचकांसाठी फेसबुक, विशीतल्यांसाठी इन्स्टाग्राम, चालू घडामोडींवर आणि पत्रकारांच्या नजरेत यायचं असेल तर एक्स. कथा, कादंबऱ्या भागशः लिहिणाऱ्यांना बेंगळुरूत २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रतिलिपीवर मराठी वाचक तयार मिळतो, पण त्याला रोजचा भाग लागतो आणि त्या भुकेला पुरं पडता पडता लेखणी सैल होते. रील करावे का, असं मला नेहमी विचारतात. कॅमेऱ्यासमोर तुमचा जीव रमत असेल तर करावेत. ओढूनताणून केलेला आनंद मोबाइलच्या पडद्यावर फार लवकर उघडा पडतो.

ब्रँडन सँडरसन या अद्भुत कादंबऱ्या लिहिणाऱ्या अमेरिकन लेखकाने १ मार्च २०२२ ला एका व्हिडिओत सांगितलं की करोनाच्या काळात त्याने गुपचूप जास्तीच्या कादंबऱ्या लिहून ठेवल्यात आणि त्यांतल्या चार तो थेट वाचकांना विकणार आहे. महिनाभरात १,८५,००० हून जास्त लोकांनी ४ कोटी १७ लाख डॉलर भरले. या आकड्यांनी दिपून जायचं कारण नाही, ते आपल्या कामाचे नाहीत. कामाचं आहे ते त्याआधीच्या कित्येक वर्षांतलं वागणं. विद्यापीठात कादंबरीलेखन शिकवतो त्या तासांची चित्रणं त्याने यूट्यूबवर फुकट ठेवली. दर डिसेंबरात तो वर्षभरात काय लिहिलं, काय रखडलं आणि पुढे काय येणार याचा लांबलचक अहवाल वाचकांना देतो. त्याच्या संकेतस्थळावर चालू पुस्तकांच्या पट्ट्या असतात: पहिला खर्डा इतके टक्के, दुसरा इतके टक्के.

ही पट्टी मराठी लेखकाला आजच्या आज उचलता येण्यासारखी आहे, खर्च शून्य. विशेषतः दिवाळी अंकांसाठी. ऑक्टोबर लागला की प्रत्येक लेखक आपल्या लेखाच्या पहिल्या पानाचा फोटो ‘आवर्जून वाचा’ लिहून टाकतो, त्या गर्दीत एकही वाचला जात नाही. ऑगस्टमध्ये विषय ठरला की तेव्हाच सांगावं. संदर्भ शोधताना सापडलेला पण लेखात न बसणारा एखादा तुकडा सप्टेंबरात टाकावा. कुणाला त्या विषयातलं ठाऊक असेल तर विचारावं, आणि माहिती देणाऱ्याचा नंबर, त्याला विचारून, यादीत घ्यावा. अंक हातात आल्यावर आधी त्याला कळवावं, कितव्या पानावर आहे आणि अंक कुठे मिळेल ते.